कार्यशाळेतला जॉब आणि त्याचे माप

महाराष्ट्रातल्या तंत्रशिक्षणाची सुरुवात कामाच्या गरजेतून झाली. १८५४ साली पुण्यात ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ उघडले, ते इमारती, धरणे, कालवे, रेल्वे आणि पूल यांच्या कामांवर लागणारे दुय्यम अधिकारी तयार करण्यासाठी. मुंबई विद्यापीठ त्यानंतर तीन वर्षांनी स्थापन झाले. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, तेव्हा शहरातल्या कापडगिरण्यांना यंत्रे समजणारी माणसे हवी होती. १८९० साली बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन उभे केले. पुढे चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके तिथेही शिकले. या संस्थांत काम आधी होते. पदवीची प्रतिष्ठा नंतर आली आणि तिने हळूहळू कामाला मागच्या बाकावर बसवले.

त्याबद्दलची तक्रारही तितकीच जुनी आहे. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात सरकारी उच्च शाळांतले शिक्षण रोजच्या व्यवहाराला उपयोगी पडत नाही, त्यातून कारकून आणि शाळामास्तर तेवढे निपजतात, असे स्पष्ट म्हटले होते. १९३७ च्या वर्धा परिषदेतून नई तालीम आली, १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने शाळेत कार्यानुभव आणला, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने व्यवसायशिक्षण पदवीच्या चौकटीत बसवले. प्रत्येक वेळी रोगाचे निदान साधारण तेच झाले आणि उपायही तोच निघाला: वेळापत्रकात प्रात्यक्षिकाचे तास वाढवायचे. तंत्रनिकेतनांच्या आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळांत ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांचा अनुभव मात्र वेगळे सांगतो. पदविकेच्या वेळापत्रकात प्रात्यक्षिकाला जागा भरपूर असते. उणीव असते ती त्या तासात झालेल्या कामाचे माप घेण्याची.

हे माप कुठे हरवते, ते जर्नलमध्ये, म्हणजे प्रयोगवहीत, दिसते. अभियांत्रिकीच्या कोणत्याही शाखेत सत्र संपत आले की सबमिशनची धावपळ सुरू होते. टर्मवर्कचे गुण जर्नलवर, जर्नल सहीवर आणि सही पाने भरली की नाहीत यावर अवलंबून असते. द्रवयांत्रिकीच्या प्रयोगशाळेतला ऑरिफिसचा प्रयोग हे याचे नेहमीचे उदाहरण. टाकीत पाण्याची पातळी स्थिर ठेवायची, लहान गोल छिद्रातून पडणारे पाणी खालच्या मोजटाकीत घ्यायचे, पातळी दहा सेंटिमीटर चढायला किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचवर पाहायचे आणि प्रत्यक्ष प्रवाहाला सैद्धांतिक प्रवाहाने भागून विसर्ग गुणांक काढायचा. धारदार कडेच्या छिद्रासाठी तो ०.६२ च्या आसपास यायला हवा, हे पुस्तकात लिहिलेले असते आणि मागच्या वर्षीच्या जर्नलातही. मोजटाकीचा निचऱ्याचा व्हॉल्व्ह जुना होऊन झिरपत असेल, तर पातळी चढायला जास्त वेळ लागतो आणि उत्तर ०.५५ येते. मग गट एकत्र बसून उत्तरावरून मागे जात रीडिंग जुळवतो. सेकंद बदलले जातात, सरासरी बरोबर ०.६२ येते, आलेख देखणा निघतो.

खरे शिक्षण त्या ०.५५ मध्ये होते. उत्तर कमी का आले, पाणी कुठे जाते, व्हॉल्व्ह बंद असूनही झिरपतो हे कसे ओळखायचे, झिरपणे वेगळे मोजून हिशेबात कसे धरायचे, या प्रश्नांची उत्तरे शोधणारा विद्यार्थी उद्या पंपहाऊसमध्ये उभा राहू शकतो. जुळवलेले रीडिंग लिहिणारा सूत्र पाठ करतो आणि सूत्र ज्या पाण्याबद्दल बोलते त्याच्याकडे पाहतही नाही. तोटा दोन्ही बाजूंनी होतो: प्रात्यक्षिक गेले, आणि सिद्धांतही समजला नाही. म्हणूनच ‘सिद्धांत कमी करा, कौशल्य वाढवा’ ही घोषणा कार्यशाळेत उभे राहून ऐकली की अपुरी वाटते. सिद्धांत फार झाला ही अडचण नाही. त्याची गाठ वस्तूशी पडत नाही, ही आहे.

ड्रॉइंगच्या शीटचे असेच होते. काचेखाली दिवा लावून मित्राचे शीट उतरवण्याला विद्यार्थी जीटी मारणे म्हणतात, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. पिढ्यान्‌पिढ्या हा शब्द वसतिगृहांत चालत आला आहे आणि पालकही तो हसून सांगतात. पण दोन दृश्यांवरून तिसरे दृश्य मनात उभे करण्याचा जो त्रास शीट काढताना व्हायला हवा, तो जीटीत होत नाही. अशा विद्यार्थ्याच्या हातात कारखान्यात पहिल्यांदा ड्रॉइंग पडते, तेव्हा छिद्र आरपार आहे की अर्ध्यात थांबलेले, हे त्याला तुटक रेषांवरून वाचता येत नाही. त्याच्या शेजारचा, आठवी शिकलेला ऑपरेटर ते सहज वाचतो.

फिटिंग शॉपमध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला माइल्ड स्टीलच्या पट्टीचा तुकडा मिळतो. सहा मिलिमीटर जाडीच्या त्या तुकड्यातून बाजूला पन्नास मिलिमीटरचा काटकोनी चौरस करायचा असतो. शेगड्यात तुकडा पकडायचा, आधी खरखरीत कानशीने जास्तीचा माल काढायचा, मग बारीक कानस, मग गुण्या लावून उजेडाकडे धरायचे. गुण्या आणि कड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, की तिथे खाच आहे. पृष्ठावर मोरचुदाचे पाणी लावले की तांब्याचा पातळ थर बसतो आणि त्यावर आखणीची रेघ ठळक उमटते. नवशिक्या विद्यार्थ्याची कानस डोलते. दोन्ही कडा खाली जातात आणि मधला भाग फुगीर राहतो. तो दोष काढायचा तर पायांत अंतर ठेवून, कोपर शरीराजवळ धरून, दोन्ही हातांचा दाब प्रत्येक फेरीत बदलत न्यावा लागतो. हे शब्दांत सांगून येत नाही. शिल्प निदेशक मागे उभा राहून मनगट धरून दाखवतो, तेव्हा येते. काही तासांनी उजेडाची रेघ नाहीशी होते आणि त्या वेळी विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, ते कोणत्याही लेखी परीक्षेच्या निकालानंतर दिसत नाही. वर्षानुवर्षे फिटिंग शॉप सांभाळणारी माणसे या क्षणासाठी टिकून राहतात.

आणि याच शॉपमध्ये बाहेरून करून आणलेले जॉबही जमा होतात. कॉलेजच्या आसपासच्या लेथवाल्याकडे तयार चौरस मिळतो. मागच्या बॅचचा जॉब घासून जुना रोल नंबर काढायचा आणि नवा पंच करायचा, हाही मार्ग असतो. विद्यार्थी आळशी असतात एवढ्याने याचा उलगडा होत नाही. जॉबला गुण देताना माप घेतलेच जात नसेल, चकाकी पाहून दहापैकी आठ मिळत असतील, तर घाम गाळलेला ४९.६ मिलिमीटरचा जॉब आणि विकत आणलेला जॉब यांत फरक उरत नाही. साठ विद्यार्थ्यांच्या बॅचमागे एक निदेशक असेल, तर प्रत्येक कड तपासायला त्याला दिवस पुरत नाही, हेही तितकेच खरे आहे.

कारखान्यात माप चुकवता येत नाही. ड्रॉइंगवर पंचवीस मिलिमीटरच्या छिद्रापुढे एच-७ लिहिलेले असेल, तर ते छिद्र २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर याच हद्दीत बसले पाहिजे. तपासणीला गो आणि नो-गो अशा दोन टोकांचा प्लग गेज असतो. एक टोक आत गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. किती मेहनत घेतली, मशिन जुने होते का, सूत्र पाठ होते का, हे गेज विचारत नाही. पाळी सुरू होताना पहिला पीस तपासून मंजूर झाल्याशिवाय पुढचे उत्पादन चालू होत नाही. पदविका घेऊन आलेल्या मुलांना पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जड जाते ते हेच. परीक्षेत व्हर्निअरचा अल्पतम अंक ०.०२ मिलिमीटर कसा निघतो ते त्यांनी बिनचूक लिहिलेले असते. मापण्याआधी जॉबवरची बर काढायची आणि कूलंट पुसायचे, हे त्यांना कोणी करायला लावलेले नसते. मशिनवरून नुकत्याच उतरवलेल्या गरम जॉबचे माप थंड झाल्यावर बदलते, हे उष्णतेच्या प्रकरणात प्रसरणाचे गणित सोडवूनही त्यांच्या लक्षात येत नाही.

लेथवर सिद्धांताची गरज आणखी लवकर कळते. माइल्ड स्टील हायस्पीड स्टीलच्या टूलने कापताना मिनिटाला सुमारे तीस मीटर हा कापण्याचा वेग धरतात. जॉबचा परीघ आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार तेवढा यायला हवा. पंचवीस मिलिमीटर व्यासाला त्यासाठी सुमारे ३८० फेरे लागतात, पन्नासला १९०. मोठ्या व्यासावर जुनेच फेरे ठेवले, की टूलचे टोक निळे पडते आणि जॉबवर चरे उमटतात. ज्याने टूल जाळले आहे, त्याला व्यास दुप्पट झाला की फेरे निम्मे का करायचे, हे पुन्हा सांगावे लागत नाही.

आता लेथच्या जागी सीएनसी आले आहे, आणि नोकरीचे कौशल्य म्हणजे त्याची बटणे, असा समज पसरला आहे. महिन्याभराच्या शिकवणीत कोड पाठ होतात: जी ०० जलद सरकायला, जी ०१ सरळ कापायला, एम ०३ स्पिंडल फिरवायला. याच कोडांत जी ९६ आहे. तो दिला की मशिन पृष्ठवेग स्थिर ठेवते, म्हणजे व्यास कमी होईल तसे फेरे आपोआप वाढवते. तेच परीघाचे गणित, फक्त आता कंट्रोलर करतो. जॉबचे तोंड सपाट करताना टूल बाहेरून मध्याकडे जाते. मध्याशी व्यास शून्याकडे झुकतो, म्हणून गणिताप्रमाणे फेरे अमर्याद वाढायला हवेत. त्यासाठी आधी जी ५० देऊन फेऱ्यांची कमाल मर्यादा बांधून ठेवतात. ही ओळ विसरली, तर जड, वेडावाकडा जॉब पकडलेला चक नको त्या वेगाने फिरतो आणि जॉब जबड्यांतून सुटू शकतो. बटणे पाठ केलेल्याला ती ओळ म्हणजे प्रोग्रॅमच्या सुरुवातीची एक रीत वाटते. लेथवर फेरे बदललेल्याला ती का आहे, हे कळलेले असते. मशिनचा मेक बदलला, कंट्रोलर बदलला, तर पहिला अडखळतो, दुसरा पुस्तिका उघडून काम चालू करतो. नोकरीच्या नावाने अभ्यासक्रमातून गणित आणि पदार्थविज्ञान काढून टाकणाऱ्यांनी हा फरक एकदा जवळून पाहावा.

सिद्धांत आणि काम यांची सांगड घालणारे नमुने भारतात मुळीच नाहीत असे नाही. वैद्यकीय पदवीला बारा महिन्यांची आंतरवासिता सक्तीची आहे आणि त्याआधीही विद्यार्थी वॉर्डात रुग्ण पाहत शिकतो. चार्टर्ड अकाउंटंट होण्यासाठी आर्टिकलशिप करावी लागते. ती बरीच वर्षे तीन वर्षांची होती, २०२३ पासूनच्या नव्या योजनेत दोन वर्षांची झाली. तिथे मुले परीक्षेचा अभ्यासही करतात आणि ऑडिटला बाहेरगावीही जातात. या दोन्ही ठिकाणी शिकाऊ माणसाच्या कामाखाली कोणीतरी जबाबदार माणूस स्वतःच्या नावाने सही करतो. चुकले तर त्याला उत्तर द्यावे लागते, म्हणून तो तपासतो. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. आणि बहुतेक अभियांत्रिकी पदव्यांत ही सही नव्हती.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तेव्हा ही जबाबदारी त्यांनी गावाकडे दिली. कलबाग हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातून आलेले शास्त्रज्ञ होते. शाळेत न रमलेली, परीक्षेत नापास झालेली ग्रामीण मुले त्यांच्याकडे वर्षभर राहून वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया असे अनेक विषय एकत्र शिकत. शिकण्याची रीत अशी की गावाला हवी असलेली सेवा विद्यार्थ्यांनी द्यायची आणि तिचा मोबदला घ्यायचा. शेतकऱ्याचे फाटक वेल्ड करायचे, तर आधी लोखंडाचे वजन काढावे लागते, रॉड किती जळतील याचा अंदाज बांधावा लागतो, मजुरी धरावी लागते. फाटक नीट मिटले नाही, तर शेतकरी पैसे देत नाही. गणितात नापास झालेल्या मुलाला या हिशेबात टक्केवारी येऊ लागते, कारण चुकलेला हिशेब त्याच्याच नोंदवहीत तोटा म्हणून उतरतो. या आश्रमाच्या अनुभवावर आधारलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय पुढे महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत गेला आणि २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब उभी राहिली. डॉ. कलबाग २००३ साली गेले. आश्रम चालू आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमने हीच गोष्ट उद्योगाच्या मोजमापाने केली. ही केंद्र सरकारच्या लघुउद्योग मंत्रालयाखालची संस्था साचे आणि डाय बनवते, बाहेरच्या उद्योगांची कामे घेते आणि त्याच आवारात टूल अँड डाय मेकिंगची पदविका चालवते. प्रशिक्षण आणि उत्पादन एकाच छताखाली असले, की साचा बसला पाहिजे, वेळेवर गेला पाहिजे, हे विद्यार्थ्याला रोज डोळ्यांसमोर दिसते. अशा संस्थांत मशिनचे तास मोजले जातात आणि बिघडलेल्या पोलादाची किंमत सगळ्यांना माहीत असते. साधारण कॉलेजच्या कार्यशाळेत महागडे मशिन वर्षभर झाकून ठेवलेले आढळते, कारण ते वापरून बिघडले तर जबाबदार कोण, याचे उत्तर कोणाकडेच नसते.

शिकाऊ उमेदवारीचा कायदा देशात १९६१ पासून आहे. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक अभियंते त्यात आले. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे बंधनकारक झाले. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने पदवीच्या श्रेयांकांत ऑन जॉब ट्रेनिंग, क्षेत्रीय प्रकल्प आणि कौशल्याचे विषय बसवले. ऑन जॉब ट्रेनिंगला चार श्रेयांक, म्हणजे १२० तास. दिशा योग्य आहे आणि ती इतकी वर्षे लांबली, याचेच वाईट वाटावे.

पण जर्नलचे जे झाले ते याचेही होऊ शकते, आणि काही ठिकाणी होत आहे. मामाच्या किंवा ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणायचा, हजेरीपत्रक एका बैठकीत भरायचे, अहवाल इंटरनेटवरून उतरवायचा. दुसऱ्या टोकाला प्रशिक्षणार्थी या नावाखाली मुलांना असेंब्ली लाइनवर सहा-सहा महिने एकच नट आवळायला लावणारे कारखाने आहेत. तिथे काम खरे असते, शिकणे नसते. या दोन्हींवर एकच इलाज कामाला येताना दिसतो आणि तो फार साधा आहे: कॉलेजच्या मार्गदर्शकाने कामाच्या जागी जायचे, मुलाच्या शेजारी उभे राहून त्याची रोजची डायरी वाचायची आणि डायरीतला एक तपशील तिथल्या फोरमनला विचारायचा. डायरीत ‘आज क्वालिटी विभागात काम केले’ असे असेल, तर काही शिकला नाही हे कळते. ‘आज सात पीस रीवर्कला गेले, चॅम्फर राहिला होता’ असे असेल, तर शिकला. यासाठी शिक्षकाला प्रवासभत्ता आणि वेळ हवा. तासिका तत्त्वावर नेमलेल्या प्राध्यापकाला तासापुरते मानधन मिळते. त्याने चाकण किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत दिवस घालवावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

शिक्षकांचा प्रश्न यापेक्षा खोल आहे. ज्याच्या हातात खरे कौशल्य आहे तो शिल्प निदेशक संस्थेच्या उतरंडीत व्याख्यात्याच्या खाली बसतो, अभ्यासमंडळावर जात नाही आणि त्याचे मत परीक्षेच्या वेळी विचारले जात नाही. विद्यार्थी एकाला सर म्हणतात आणि दुसऱ्याला नावाने हाक मारतात. इंजिनिअर व्हायला आलेल्या मुलाने कानस का घासायची, हा प्रश्न घरून येतो आणि या वागणुकीने पक्का होतो. ज्या समाजात हाताने काम करणाऱ्या जाती खाली ठेवल्या गेल्या, तिथे कार्यशाळेला वर्गापेक्षा कमी मान मिळणे हा योगायोग म्हणता येत नाही. पदविका घेतलेली बरीच मुले कामाला न लागता पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतात, त्यामागे पगाराइतकाच हा मानही असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ हे पद आणले. किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या व्यक्तीला औपचारिक पात्रतेच्या अटीशिवाय शिकवायला घेता येते. हे पद मोठ्या कंपन्यांतल्या निवृत्त अधिकाऱ्यांपुरते न राहता तीस वर्षे साचे बनवणाऱ्या टूलमेकरपर्यंत पोहोचले, तर त्याचा अर्थ पुरा होईल.

परीक्षा बदलली की बाकीचे आपोआप हलते, हेही अनेकांनी अनुभवले आहे. फिटिंगच्या परीक्षेत कच्च्या तुकड्यावर त्याच दिवशी खूण पंच करून दिली आणि जॉब तीन ठिकाणी मोजून गुण दिले, तर बाहेरचा जॉब त्याच वर्षी बंद होतो. वीजयंत्रांच्या प्रात्यक्षिकात चालू मोटर देण्याऐवजी मुद्दाम बिघडवलेला स्टार्टर दिला, तर पाठ केलेली आकृती पुरत नाही. कोणता संपर्क तुटला ते मल्टिमीटरने शोधावेच लागते. ओरलला ‘बर्नूलीचे प्रमेय सांगा’ असे न विचारता ‘तुमच्या वहीतले तिसरे रीडिंग बाकीच्यांपेक्षा वेगळे का आले’ असे विचारले, की जर्नल लिहिण्याची पद्धत पुढच्या बॅचपासून बदलते. सुरुवातीला निकाल घसरतो. प्राचार्यांवर दबाव येतो, प्रवेशांवर परिणाम होईल अशी भीती दाखवली जाते. जिथे एखादा विभागप्रमुख दोन-तीन वर्षे ठाम राहिला, तिथे निकाल पुन्हा सावरतो आणि मुलाखतीत मुले स्वतःच्या कामाबद्दल बोलू लागतात.

कारखाने नसलेल्या तालुक्यांत हे कसे करायचे, असा प्रश्न विज्ञान आणि वाणिज्य महाविद्यालये विचारतात. त्याचे उत्तर गावाच्या आसपास असते. पतसंस्था, दूध संघ, माती परीक्षण प्रयोगशाळा, ग्रामपंचायत, आणि पश्चिम महाराष्ट्रात व मराठवाड्यात साखर कारखाना. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने कॉलेजात पोलरिमीटरवर साखरेच्या द्रावणाचे प्रकाशीय वलन मोजलेले असते. तेच उपकरण कारखान्याच्या प्रयोगशाळेत दर पाळीला चालते. उसाच्या रसाचा नमुना आला, की तो थोडा वेळ ठेवून त्यातली हवा जाऊ द्यायची, हायड्रोमीटरने ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण, पाहायचा, तापमानाची दुरुस्ती करायची, लेड सबअॅसिटेटने रस निवळवून गाळायचा आणि नळीत भरून पोल, म्हणजे साखरेचे प्रमाण, काढायचा. पोल आणि ब्रिक्स यांच्या गुणोत्तरावरून शुद्धता निघते. बगॅसमध्ये, प्रेसमडमध्ये आणि मळीत किती साखर निघून जाते, ते याच नोंदींवरून कळते. साखर उतारा त्या गळतीवर अवलंबून असतो आणि उसाचा रास्त व किफायतशीर दर उताऱ्याशी बांधलेला असतो. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याला हे गणित समजावून सांगावे लागत नाही. फेसाळ रसात हायड्रोमीटर घाईने बुडवून चुकीचा ब्रिक्स लिहिला, तर पाळीचा केमिस्ट त्याच वेळी नमुना परत घ्यायला लावतो.

यात एक अडचण वेळापत्रकाची आहे. ऑन जॉब ट्रेनिंग बहुधा सहाव्या सत्रात येते आणि ते डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सुरू होते, म्हणजे गळीत हंगाम भरात असताना. मार्चनंतर बहुतेक कारखान्यांचे बॉयलर थंड होऊ लागतात. सत्राच्या आरंभीच सलग महिनाभर मोकळा दिला, तर १२० तास हंगामातच पुरे होतात. तेच तास सत्रभर थोडे थोडे विखरून दिले, तर विद्यार्थ्याला बंद पडत चाललेला कारखाना पाहायला मिळतो. दूध संघाला ही अट नाही, तिथे फॅट आणि एसएनएफ (फॅटखेरीजचे घन पदार्थ) यांची तपासणी वर्षभर चालते. माती परीक्षणाला गर्दी होते ती पेरणीआधी, उन्हाळ्यात. स्थानिक कामाच्या या ऋतूंप्रमाणे सत्राची मांडणी करण्याची मोकळीक स्वायत्त महाविद्यालयांना आहे. संलग्न महाविद्यालयांना ती विद्यापीठाकडून मिळवावी लागते.